पंचवीस वर्षांची सिंगल माल्ट, रबरी बूच आणि रोह्यातली लेखी तक्रार

दिवाळीत आम्ही तिघांनी आपापली बाटली सुधीरच्या रोह्याच्या घरी, बंद कपाटात ठेवली आणि माघात जमून तिन्ही एकाच बैठकीत उघडायच्या असं ठरवलं. तिन्ही स्कॉटलंडच्या एकाच डिस्टिलरीच्या. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला? सुधीरची अठरा वर्षांची, पेणच्या मनोहरची एकवीसची, माझी पंचवीसची. माझी मी आठ वर्षं सील न फोडता सांभाळली होती. तशी दुसरी घेणं आता माझ्या ऐपतीत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचा संताप कळेल.

मी कुठला कोर्स केलेला नाही. छोट्या बाटल्या, एक वही आणि स्वतःचं नाक, एवढ्यावर अठरा वर्षांत शिकलो. त्यामुळे कोणी 'जितकी जुनी तितकी भारी' म्हणालं की माझं डोकं फिरतं. पिंपात जास्त राहिली की व्हिस्की लाकूडही पिते, आणि कधी कधी नुसतं लाकूडच उरतं. म्हणूनच एकाच डिस्टिलरीतली तीन वयं शेजारी ठेवून बघायची होती.

जाणाऱ्यांसाठी: दारूचा परवाना खिशात ठेवा आणि गाडी घरी ठेवा. पनवेलहून पेणला एसटीने गेलो. या महामार्गाबद्दल काय लिहायचं? मी नोकरीला लागलो तेव्हा काम चालू होतं, आता माझे केस पिकलेत, काम चालूच आहे. मांडीवर पंच्यात गुंडाळलेले नऊ ट्युलिप ग्लास होते. प्रत्येक खड्ड्याला मी ग्लास छातीशी धरत होतो आणि शेजारच्या मावशी माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "देव हाय काय त्यात?" म्हटलं, काच आहे. "मग मांडीवर कशाला, डोक्यावर घ्या," म्हणाल्या.

पेणला मुक्काम मनोहरकडे. त्याचा गणपतीचा कारखाना. माघी गणपती नुकतेच गेले होते, तरी भाद्रपदाचं काम सुरू झालेलं. डोळ्यांची आखणी तो स्वतः करतो, आणि फक्त सकाळच्या उजेडात. दुपारनंतर ब्रशला हात लावत नाही. मला हा माणूस म्हणूनच पटतो. रात्री वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी झाली. पेणचे पोह्याचे पापड मी मुद्दाम खाल्ले नाहीत. हिंग आणि मिरी जिभेवर दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात.

"उद्या परीक्षा हाय का बारशाला चाललोय?" मनोहर म्हणाला.

"परीक्षाच. बाटल्यांची."

सकाळच्या रेल्वेगाडीने रोहा. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ विचारून ठेवा. तिकीट चहा-वड्याच्या पैशांत येतं. कासू, नागोठणं, निडी, आणि मग रोहा. बैठक अकराला ठेवायचा हट्ट माझा होता. नाक सकाळीच ताजं असतं. सुधीरची बायको, आमच्या वैशालीवहिनी, दारातच म्हणाल्या, "भावोजी, अकराला पिणारे तुम्हीच बघितले. शेजारणीला मी सांगितलंय पूजा हाय म्हणून."

सुधीरने टेबलावर पांढरं कापड घातलं होतं. धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये होता. घरात मिठाच्या डब्यावरही तारखेचं लेबल असतं. टेबलावर आमच्या बाटल्या मात्र नव्हत्या. लॅबमधल्यासारख्या छोट्या पांढऱ्या काचेच्या बाटल्या होत्या, एकवीस. प्रत्येकीवर नंबर, प्रत्येकीला रबरी बूच.

"हे काय?"

"ब्लाइंड टेस्ट," सुधीर फुशारून म्हणाला. "बाटलीचा आकार बघून तू वय ओळखणार. म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच सगळा माल ओतून ठेवला. कोड फक्त माझ्याकडे."

"सगळा? माझी पंचवीसची पण?"

"सगळा. अर्धवट काम मी करत नाय."

मी टेबलाशी गेलो. एक बाटली उघडून नाकाशी धरली. सायकलची नवी ट्यूब! दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. पंधरा दिवस त्याने त्या बाटल्या टेबलाच्या खणात आडव्या ठेवल्या होत्या, कारण उभ्या मावत नव्हत्या. म्हणजे व्हिस्की रात्रंदिवस बुचाला लागलेली. इतकी कडक दारू रबराचा वास ओढून घेणार नाही तर काय करणार?

"नवीन बुचं आहेत, धुऊन घेतलीत," सुधीर म्हणाला. "वास तुझ्या डोक्यात आहे."

मी बाटली मनोहरपुढे धरली. त्याचा उभा जन्म रंग आणि वार्निशात गेलेला, पण नाक शाबूत आहे. त्याने हुंगलं आणि हळूच परत ठेवली. "सुध्या, रबर हाय रे."

मग मी बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की जी वस्तू पंचवीस वर्षं कोणी तरी थंड गोदामात बसवून ठेवली, पुढे मी आठ वर्षं उन्हाचा कवडसा पडू दिला नाही, ती याने पंधरा दिवसांत नासवली, आणि तीही शिस्तीने! बेशिस्तीचा राग येतो तो विरतो. शिस्तीने केलेल्या नासाडीचं काय करायचं? मी ग्लास परत पंच्यात बांधायला घेतले.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, मग त्या शिलाई मशीनच्या खणातल्या कुप्या कसल्या?"

सुधीर टेबलावरचं कापड सरळ करायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं.

"ते राखून ठेवलेले नमुने आहेत," तो म्हणाला. "प्रत्येक मालाचा एक ठेवावाच लागतो. काचेचं बूच, गळ्यापर्यंत भरलेले, अंधारात, उभे."

"मग आण की!"

"ते उघडत नाहीत. तक्रार आली तरच उघडतात."

"ही तक्रारच आहे, गाढवा!"

"लेखी लागते."

हा माणूस थट्टा करत नव्हता. मनोहर हसून हसून खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. मी कागद मागितला. लिहिलं: 'अठरा, एकवीस व पंचवीस वर्षांच्या मालाला रबराचा उग्र वास येतो. माल पिण्यायोग्य नाही. राखीव नमुना तपासावा.' तारीख, सही. सुधीरने दोनदा वाचलं, 'प्राप्त' असं लिहून सही केली, आणि मगच मशीनचा खण उघडला.

तीन कुप्या, प्रत्येकी तीस मिली. तिघांना दहा-दहा. कुपी उघडली आणि खोलीत रबर नव्हतं.

अठराची सरळ होती: काळ्या मनुका, गूळ, शेवटी जायफळाची चिमूट. एकवीसमध्ये सुकलेली संत्र्याची साल, पण पाठोपाठ कोरडं, तुरट लाकूड. पिंपात दोन-तीन वर्षं जास्तच राहिली, हे मी तिथेच बोललो. पंचवीसची आधी काहीच बोलली नाही. पाण्याचे दोन थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो. मग मेणासारखा गुळगुळीतपणा, जास्त पिकलेला अननस, आणि गिळल्यावर बऱ्याच वेळाने चंदन.

मनोहर म्हणाला, "पैल्याला रंग जाड हाय, तीन हातांत मारलेला. याला पातळ हाय, पण बारा हात दिलेत." सुधीर रमवाला माणूस. ग्लास रिकामा करून तो म्हणाला, "एवढं होतं होय यात?" त्यावर मला पुन्हा राग आला.

संध्याकाळी कोलाडच्या वाटेवर त्याच्या भावाच्या शेतात पोपटी होती. वालाच्या शेंगा आणि अंडी, भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेली. माघात गेलात तर चुकवू नका. मी सुधीरशी बोलत नव्हतो, पण शेंगा त्यानेच सोलून दिल्या.

घरी येऊन आता दहा दिवस झाले. रबर लागलेल्या एकवीस बाटल्यांपैकी अठरा त्याने मोरीत ओतल्या म्हणे, वहिनींनी उभं राहून ओतायला लावल्या. उरलेल्या तीन त्याने 'पुरावा' म्हणून ठेवल्यात. काल त्याचा कागदाचा फोटो आला, तो मी छापून घेतला. पट्टीने आखलेले रकाने होते. 'मूळ कारण: रबरी बूच. जबाबदार: मी स्वतः. ग्राहक समाधानी आहे का? होय / नाही.'

मी 'नाही'वर गोल केला. खरं तेच लिहायचं असतं. सातशे मिलीतले दहा मिली माझ्या वाट्याला आले, त्याला समाधान म्हणत नाहीत.

खाली शेऱ्याचा रकाना रिकामा होता. पेन अजून हातातच होतं, लिहिलं: 'राखीव नमुना उत्तम राखला होता.'