परवीनची निरोगी माणसं

आमच्या परवीनला प्रश्न पडला की आमचा चहा थंड होणार हे ठरलेलं. कासारवाडीच्या मेकॅनिकची ही लेक तळेगावात, रक्ततपासणीचे किट बनवणाऱ्या आमच्या कंपनीत काम करते. उत्तर मिळेपर्यंत ती कुणाला उठू देत नाही. मी शेजारच्या टेबलावर, त्यामुळे सगळ्यात जास्त डोकं माझंच खाल्लं जातं.

दिवाळीच्या सुमारास आम्ही गोचीड तापाचं किट बनवत होतो. गोचीड चावून जंतू अंगात शिरले की शरीर त्यांच्याशी लढायला अँटिबॉडी तयार करतं. किट त्या मोजतं. निरोगी माणसांत त्या किती सापडतात ते बघून एक रेषा आखायची. आकडा रेषेच्या वर गेला तर आजार, नाहीतर नाही. निरोगी माणसं शोधायला लांब कशाला जा, कंपनीतलीच घेतली. "ताप आहे का?" एवढंच विचारून कॅन्टीनसमोर रक्त काढलं. नळ्यांवर नावं नव्हती.

तेवढ्यात गेटवरच्या भिमाजीकाकांची बायको, सुमनताई, तापाने फणफणली. तळहातांवर पुरळ, काखेत चावल्याची काळी खपली. डॉक्टरांनी तपासणीची वाट न बघता औषध सुरू केलं म्हणून बाई वाचली. दुसऱ्या आठवड्यात तिचं रक्त आमच्या किटवर लावलं, तर आजार नाही असं उत्तर आलं.

"एखादी केस चुकते," आमचे साहेब दिग्विजय सर म्हणाले. मला तर रागच आला. किट लवकरच दवाखान्यांत जाणार होतं. तिथे असंच "नाही" आलं आणि कुणी औषध बंद केलं तर? परवीन मात्र चिडली नाही. तिने निरोगी नळ्यांचे आकडे पुन्हा काढले. बरेचसे तळाशी, पण मूठभर उगाचच उंच. त्यांनीच रेषा वर ओढली होती.

"ही निरोगी माणसं आहेत तरी कोण?" असं म्हणत ती तडक गेटवर भिमाजीकाकांकडे गेली. मीही मागोमाग.

"काका, तुमचा दोघांचा गोठा एकच, मग ताई आजारी पडल्या आणि तुम्ही ठणठणीत कसे?"

"मला काय व्हतंय? ल्हानपणापास्नं म्हशीच्या गोचिड्या हातानं काढतोय. फर्स्ट शिफ्ट असली तरी धार काढूनच येतो. हितं कामाला येणारी गावातली पोरं बी तशीच हायती." मग काका मोठ्या रुबाबात म्हणाले, "म्हणून तर निरोगी म्हणून माझं बी रक्त घेतलं तुमी!"

परवीनने त्यांना नीट सांगितलं. वर्षानुवर्षं गोचिड्या चावून काहींच्या रक्तात अँटिबॉडी आधीच असतात. अशा रक्ताने रेषा वर गेली आणि ताई तिच्याखाली राहिल्या. आता निरोगी माणसांना गोठ्याचंही विचारायचं, गोठेवाल्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवायच्या, आणि आजाऱ्याचं रक्त थोड्या दिवसांनी पुन्हा घेऊन आकडा चढतो का ते बघायचं.

काकांनी हातातलं रजिस्टर मिटलं.

"म्हंजे सुमनला न्हाई म्हणणाऱ्यात मी बी व्हतो?"

"असाल, काका."

त्यांनी युनिफॉर्मची बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"घे परत. ह्या टायमाला गोठेवाला म्हणून घे."