पाऊस आल्यास पाहुण्यांनी करावयाची कामे

सुट्टीला आलेल्या माणसांना पावसात उपाशी ठेवून वर त्यांच्याकडूनच पाणी भरून घेणारा यजमान अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. बायकोसमोर मी हे बोलत नाही. बोललो की ती म्हणते, "ते काहीतरी करतात तरी." मी नांदेडला पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळं पाण्याच्या बाबतीत आमच्या घरात मला मत नाही. साडूंच्या घरात तर नाहीच. पहिल्या भेटीतच त्यांनी मला विचारलं होतं, "पाव्हणं, तुमी पाणी कालव्यात सोडता का कागदावर?" तेव्हापासून आमचं चांगलं जमलं.

ते लातूरच्या एका डाळमिलमध्ये मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर लातूर-नांदेड रस्त्यावर, चाकूरच्या अलीकडं, स्वतःच्या शेतात दोन खोल्या, पत्र्याची लांब ओसरी आणि एक स्वयंपाकघर बांधून ते त्यांनी सुट्टीच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. गॅस आहे, भांडी आहेत, बोअरला पाणी आहे, रांधायचं ज्याचं त्यानं. आम्ही सगळे हसलो. चाकूरला सुट्टी घालवायला कोण येणार? पण साडूंनी लातूर ओळखलं होतं. क्लाससाठी ठेवलेल्या लेकरांचे आईबाप महिन्यातून एकदा हिंगोली-परभणीहून येतात, हॉस्टेलच्या दारात उभ्या उभ्या डबा देतात आणि डोळे पुसत एसटीत बसतात. आपल्या हातानं रांधून लेकराला एक दिवस समोर बसवून वाढावं, एवढंच त्यांना हवं असतं. ती सोय साडूंनी केली. शनिवार-रविवारी जागा मिळेनाशी झाली. फक्त पाऊस यायला नको असायचा.

पावसासाठी ओसरीत एक पत्र्याची पाटी टांगली होती, चांगल्या पेंटरकडून रंगवून घेतलेली. वर मोठ्या अक्षरांत 'पाऊस आल्यास पाहुण्यांनी करावयाची कामे'. लोकांना वाटायचं, पत्ते, भेंड्या, गरमागरम भजी असलं काहीतरी असेल. कौतुकानं चष्मा लावून वाचायला जायचे. पहिला थेंब पडताच गॅस बंद करावा. शिजत असेल ते परातीत काढून भांडे मोकळे करावे. सर्व भांडी अंगणात मांडावीत, मोठी पन्हाळीखाली, लहान मोकळ्यात. पहिल्या दहा मिनिटांचे पाणी झाडांना घालावे. नंतरचे दुहेरी फडक्यातून गाळून ओसरीतल्या रांजणात भरावे. वृद्धांनी आवाजाकडे लक्ष द्यावे. हे शेवटचं कलम मिलमधून आलेलं. यंत्राच्या आवाजावरून पट्टा कुठं घासतोय ते साडूंना कळायचं, आणि भगुणं किती भरलं तेही पावसाच्या आवाजावरून कळतं असा त्यांचा दावा होता. म्हणून भेंड्यांना सक्त मनाई. एखादी आजी दिवसभर खुर्चीत बसून "तिकडचा हंडा भरत आला बघा" असं सांगत राहायची, आणि खरं सांगायचं तर घरी कुणी काही विचारत नसलेल्या त्या आज्यांना हे काम फार आवडायचं.

एका पुण्याच्या कुटुंबानं कॅरमची मागणी केली. साडूंनी चाकूरहून कॅरम आणवला, पाऊस लागल्यावर तो अंगणात विटांवर ठेवायला लावला आणि चार भोकांखाली चार तांबे. "खेळा आता," म्हणाले. छत्री घेऊन कुणी अंगणात उतरलं तर तिला उलटी धरायचा हुकूम. वाट्या गेल्या, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या गेल्या, एकदा एका साहेबांचं हेल्मेट गेलं. कुणी म्हणालंच, "अहो, बोअरला पाणी आहे की," तर "हाय," म्हणायचे. "मग हे कशाला?" "ते येगळं." आणि एवढं सगळं चाललेलं असताना स्वतः साडू काय करायचे? काही नाही. हात पाठीमागं बांधून ओसरीत येरझाऱ्या. एक वाटी बोटभर सरकवायची झाली तरी पाहुण्याला हाक. लोक पाठीमागं त्यांना जहागीरदार म्हणायचे. मीही म्हणायचो.

मी एकदा तिथं असताना हिंगोलीकडची एक बाई आली होती. तिची लेक लातूरला डॉक्टरीच्या क्लासला. पोरगी वाळून काटकी झालेली, बोलत नव्हती, जेवतानाही डाव्या हातात वही. आईनं घरून काळा मसाला आणून भरलं वांगं गॅसवर चढवलं, आणि वांगं रटरटायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. "ताई, भगुणं मोकळं करा," साडू दारातून म्हणाले. बाईनं झाकणावर हात ठेवला. "दादा, महिन्यानं आले मी. लेकराला दोन घास खाऊ द्या." साडूंचा चेहरा कसनुसा झाला, पण ते दारातून हलले नाहीत. "वांगं उद्या बी शिजंल, ताई. पाऊस उद्या न्हाई." भाजी अर्धीकच्ची परातीत गेली. बाई रडायला लागली. मला इतका संताप आला की मी बोलूनच गेलो, "साडूसाहेब, याला माणुसकी म्हणत नाहीत." पोरीनं मात्र वही ठेवली, भगुणं उचललं आणि पावसात गेली. तासभर ती गाळत होती, ओतत होती, भिजत होती. मग तेच कचकच वाजणारं वांगं तिनं भाकरीशी खाल्लं, चांगल्या दोन भाकरी. आई बघत राहिली.

त्या दिवशी मेव्हणीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊजी, त्यांना तसं नका बोलू," म्हणाली, आणि मग इतक्या वर्षांत मला माहीत नसलेली गोष्ट तिनं सांगितली.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली. साडूंची थोरली बहीण, अक्का, दोन कोसांवरच्या गावात दिलेली. आई लवकर गेल्यामुळं साडूंना तिनंच वाढवलं. त्या वैशाखात अक्काच्या गावची विहीर आटली, टँकर चार दिवस फिरकला नाही, आणि अक्का भर दुपारी घागर घेऊन चालत भावाच्या शेतात आली. बोअर तेव्हा दिवसाला अर्धा तास कसाबसा चालायचा. मेव्हणी माहेरी गेलेली. मोटारीच्या पेटीला साडूंनी कुलूप लावलं होतं, पण टाकीत हातभर पाणी होतं. दारात उभ्या बहिणीला ते म्हणाले, "पाणी न्हाई, अक्का." का म्हणाले, ते त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. त्या दिवसांत जो तो हेच म्हणत होता, तोंडात बसलेलं वाक्य ते, सख्ख्या बहिणीसमोरही निघून गेलं. अक्काची नजर टाकीच्या बुडाशी गेली. तिथलं सिमेंट ओलं होतं. ती "बरं" म्हणाली, रिकामी घागर कडेवर घेतली आणि उन्हात दोन कोस परत गेली.

भांडली असती तर बरं झालं असतं. अक्का भांडली नाही. ती राखीला आली, भाचीच्या लग्नात पहाटेपासून राबली, मेव्हणी आजारी पडली तेव्हा दिवस दिवस तिच्या उशाशी बसली. फक्त त्या घरचं पाणी प्यायली नाही. पिशवीत स्वतःची बाटली आणायची. चहा पुढं केला की उपास, ताट केलं की पोट ठीक नाही. कुणाजवळ बभ्रा नाही, टोमणा नाही. बाटली संपली की शेजारच्या शेतात जाऊन भरून आणायची. इतकी सभ्य शिक्षा मी दुसरी पाहिली नाही.

यावर साडूंनी वर्षभर विचार केला आणि मिस्त्रीच्या डोक्यानं तोड काढली. बोअरचं पाणी त्यांचं, ते अक्का पिणार नाही. पण आभाळाचं पाणी काही त्यांचं नव्हे. ते परक्या माणसांनी परक्या हातांनी धरलं, गाळलं, भरलं, तर त्यात त्यांचं काय राहिलं? तेवढं तरी अक्का पिईल. म्हणून पाहुणे हवेत. म्हणून हात पाठीमागं. "माझा हात लागला की ते माझं झालं," असं ते मेव्हणीला म्हणायचे. भांडी तर तुमचीच ना, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

दर राखीला ते एखाद्या पाहुण्याला रांजणावरचं झाकण काढायला सांगत. तो पाहुणा बिचारा काही न कळता पेला भरून अक्कासमोर धरी. "पाव्हण्यानी भरलेलं हाय, अक्का. आपलं न्हाई," साडू लांबून म्हणत. अक्का पेल्याकडं बघायची. "लई निर्मळ दिसतंय," म्हणायची. "ठिव. पाव्हण्याला होईल." सात वर्षं हेच. पुढच्या मृगाच्या आधी रांजण कडुलिंबाच्या बुडात रिता व्हायचा आणि साडू पुन्हा आभाळाकडं बघायला लागायचे. ही गोष्ट कळल्यापासून मी पावसात तिथं असलो की कुणी न सांगता भांडी उचलायचो. जहागीरदार हा शब्दही मी सोडून दिला.

गेल्या पावसाळ्यात अक्काच्या किडन्या निकामी झाल्या. तिला नांदेडला दवाखान्यात आणलं आणि साडू माझ्याकडं येऊन राहिले. पिशवीत कपड्यांचे दोन जोड आणि रांजणातल्या पाण्याची बाटली. ते पाणी माझ्या बायकोनं उकळून, गार करून पुन्हा भरून दिलं. डॉक्टरांनी अक्काला दिवसाला एक लहान पेला पाणी सांगितलं होतं, गोळ्यांसकट, वर थेंब नाही. अंग सुजलेलं, जीभ कोरडी ठाक. आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा त्या दिवसाचा पेला संपला होता. अक्का लेकावर चिडली होती, नर्सवर चिडली होती, देवावर चिडली होती. भावाला बघून तिनं हात पुढं केला. "तू तर दे रे. तुझ्याकडं लई हाय म्हनत्यात."

ज्या शब्दांसाठी माणसानं सात पावसाळे लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ते असे आले. बाटली साडूंच्या मांडीवरच होती. मला वाटलं, देतील. मी असतो तर दिलं असतं, एवढ्यानं काय होणार आहे असं म्हणून. साडूंनी भाच्याकडं पाहिलं. त्यानं खाली बघून मान हलवली.

"न्हाई, अक्का," साडू म्हणाले. "आज न्हाई देता येत."

अक्का बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग सुजल्या ओठांनी थोडीशी हसली. "ह्या टायमाला खरं बोललास," म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या दुपारबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती. साडू उठून बाहेर गेले. जिन्यात भिंतीकडं तोंड करून लहान पोरासारखे रडले. मी दोन पायऱ्या वर उभा राहिलो. जवळ जावं की नाही तेच मला सुचत नव्हतं.

सकाळी नव्या दिवसाचा पेला भाच्यानं मामाच्या हातात दिला. साडूंनी बाटली उघडली, स्वतःच्या हातानं पेला भरला आणि चमच्यानं तिला पाजायला लागले. पाच-सहा चमचे ती प्यायली. प्रत्येक घोट तोंडात घोळवत होती. "गोड हाय," म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता. दुपारच्याला लागंल."

दुपार तिनं पाहिली नाही.

नंतर भाचा कागदपत्रांसाठी खाली गेला आणि कामवाली मावशी खाटेशेजारचं आवरायला आली. पेल्यात अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं. "हे फेकू का?" तिनं विचारलं. साडूंनी तिच्या हातातून पेला घेतला. "नगं. अक्काचं उष्टं हाय," म्हणाले. "तिच्या ताटातलं खाऊनच मोठा झालो मी." आणि उभ्या उभ्या त्यांनी ते सगळं पिऊन टाकलं, सावकाश, तळाला काही राहू न देता. पिऊन झाल्यावरही पेला हातात धरून ते तसेच उभे राहिले. तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. शेवटी मीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला.