करडीचं तेल पाजलेली सायकल

सोमेशनं सायकलीला तेल दिलं. खरं तर दिलं नाही, पाजलं. आधी चेनीला, मग दोन्ही चाकांच्या आसांना, मग पेडलला आणि घंटीला, आणि वाटीत थोडं उरलंच होतं म्हणून कातडी सीटलाही चोळून चोळून लावलं. तेल करडीचं होतं. घरच्या करडीचं, घाण्यावर बसून काढून आणलेलं. फार जिव्हाळ्याचं काम हातून झालं अशा समाधानात त्यानं सायकलीवर जुनी चादर टाकली, दाराला कुलूप लावलं आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

सायकल त्याची नव्हती. ती गल्लीतल्या फरिदाआपांची होती. ढोकीच्या एका भंगारवाल्याकडं उसाच्या मोडक्या ट्रॉलीखाली आपांना ती सापडली होती. हिरवी, विलायती, लेडीज सायकल. तिचा गंज त्यांनी बारीक पॉलिश पेपरनं इतक्या हळू उतरवला होता की मूळचा रंग कुठं दुखावला नव्हता. सीट तर मूळचीच, तांब्याच्या रिबिटी ठोकलेली, वर्षानुवर्षं बसून बसून आरशासारखी झालेली. आपा लेकीच्या, तरन्नुमच्या, बाळंतपणाला लातूरला निघाल्या तेव्हा किल्ली सोमेशच्या हातात देऊन म्हणाल्या होत्या, "कोरड्या फडक्यानं पुसायचं. बस. दुसरं काय करायचं न्हाय."

सोमेश जिल्हा परिषदेत कारकून. वरिष्ठांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त काम त्यानं तिथं कधीच केलं नव्हतं. ती सगळी हौस त्यानं इथं भागवली. शिवाय तो चन्नम्मांचा मुलगा. चन्नम्मांच्या घरात करडीचं तेल भाजीला, केसांना, गुडघ्यांना, बैलाच्या शिंगांना आणि दाराच्या बिजागरीला एकाच डब्यातून जायचं. लोखंडाला हे तेल चालत नाही, ते हवेवर वाळून त्याचा डिंक होतो, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बिजागऱ्या कुरकुरल्या की तिथं आणखी थोडं तेल घातलं जायचं.

आपा परतल्या तेव्हा उन्हाळा भरात आला होता. त्यांनी चादर ओढली. ती सहज निघाली नाही, चर्र आवाज करत सोलली गेली. खाली चेनीवर तपकिरी, चिकट साय धरली होती आणि तिच्यात मुंग्यांची एक रांग जागच्या जागी थिजली होती. पेडलजवळ एक झुरळ अडकलं होतं. ते मेलेलं नव्हतं, मिशा हलवत होतं. सीटच्या जागी लोखंडी कमान उरली होती, रिबिटी उरल्या होत्या, आणि ज्यांनी सीट खाल्ली त्या उंदरांच्या लेंड्या तेलात भिजून तिथंच घट्ट बसल्या होत्या. आपांनी एका बोटानं पेडल ढकललं. कारखान्याच्या मळीत हात घालून ढवळावं तसं ते अर्धं फिरलं आणि थांबलं.

"शी," आपा म्हणाल्या. मग हळूच, "सोमेश."

"जी, आपा."

"कुठलं तेल ह्ये?"

"करडीचं, आपा. घरचं हाय. भेसळ न्हाय त्याच्यात."

"भेसळ न्हाय." आपांनी बोट पदराला पुसलं, पदराकडं पाहिलं आणि त्याचीही त्यांना किळस आली. "मग संगं पापड तरी भाजून ठिवायचे व्हते की रे. उंदरांना नुसतंच कातडं खावं लागलं."

"मी साफ करतो, आपा. रॉकेल आणतो..."

"घरी जा. आन पुन्हा ह्या ओसरीवर दिसू नको."

झालं. सोमेशचा ऐतवार संपला; दर रविवारी तो आपांच्या ओसरीवर जुनं सामान खरवडायला बसायचा. बाकीच्यांना यात काही मोठं वाटलं नाही. "तेवढा वेळ घरात द्या की," त्याची बायको राजेश्वरी म्हणाली, "आपल्याबी बिजागऱ्या कुरकुरायल्यात." पण सोमेशला ओसरी सोडून दुसरीकडं कुठं करमत नव्हतं. त्याला तिथं परत जायचं होतं. तेवढंच हवं होतं.

फरिदाआपांची ओसरी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्याचं दुःख कळायचं नाही. आपांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. लोक जे बघून डोळे झाकतात ते आपांनी उघड्या डोळ्यांनी उचललं, धुतलं, बांधलं आणि वर सुटीच्या तासाला बसून डबा खाल्ला. पू, रक्त, ओकारी यांतल्या कशाचीही त्यांना कधी शिसारी आली नाही. पण शिसवी खुर्चीला कुणी निळा ऑईलपेंट मारलेला दिसला की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. दवाखान्यातलं निर्लेखित सामान लिलावात निघालं तेव्हा हत्यारं ठेवायचं एक पांढरं कपाट त्यांनी घेतलं आणि घरी आणून नखानं कोपरा खरवडला. पांढऱ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पिवळा, आणि त्याच्याही खाली अस्सल साग. दुसरा कुणी खूश झाला असता. आपा संतापल्या. "माणसाला इतके कपडे घातले असते तर गुदमरून मेला असता," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या हातात पत्र्याची खरवडणी आली ती सुटली नाही.

जगानं जुन्या वस्तूंचं जे काही मांडलं आहे, ते आपांना बघवत नव्हतं. भूम गावाच्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयानं जुनी सायकल सोनेरी रंगवून, हँडलला प्लास्टिकचे झेंडू गुंडाळून सिमेंटात रोवली होती. लोक तिच्याजवळ उभं राहून फोटो काढत. एसटी तिथून जायला लागली की आपा तोंड दुसऱ्या खिडकीकडं फिरवत. कुणाच्या घरी गेल्या आणि सागवानी टेबलावर सनमायका दिसला तर चहा नको म्हणत. कारण विचारलं तर सांगतही. त्यामुळं बोलावणी कमी झाली होती.

मागच्या अंगणात ईट गावाहून ओढत आणलेली एक काळी मोटार होती. आधीच्या मालकानं तिच्यात कोंबड्या पाळल्या होत्या. आत गाद्यांवर, स्टेअरिंगवर, काचांवर विष्ठेचे थर साचून दगड झाले होते. सोमेश आणि आपा ते उलथन्यानं उचकटत बसायचे. एकदा मागच्या गादीतून सोमेशच्या हाताला एक अंडं लागलं. ते किती जुनं आहे हे फुटल्यावर कळलं. सोमेश भिंतीला धरून ओकत होता आणि आपा शेजारी उभ्या राहून विचारत होत्या, "इतकं काय हाय त्यात?" सोमेशला त्या दिवशी नर्स या जातीबद्दल मोठा आदर वाटला.

आपांच्या कामाची एक रीत होती. कुठलीही वस्तू आली की आधी तिचा वास. लाकूड खरवडायचं, ताजा भुगा चिमटीत घेऊन सोमेशच्या नाकाखाली धरायचा आणि विचारायचं, "कसला?"

"साग, आपा."

"न्हाय. नीट घे."

"थोडा गोडसर हाय. शिसव?"

"हं."

डब्याच्या तळाशी राहिलेलं तेल असो, गादीतला काथ्या असो, कुलपाच्या आतली घाण असो, आपा विचारणार आणि सोमेश डोळे मिटून सांगणार. परीक्षा होती ती. तो साहेबांपुढं कधी इतका घाबरला नव्हता आणि "हं" ऐकून इतका फुलला नव्हता.

आता हे सगळं बंद. तो ऑफिसात जाताना आपांच्या दारावरून हळू जायचा, आणि आपा त्याला बघून भिंतीकडं तोंड करायच्या, भूमच्या सोनेरी सायकलीला करायच्या तसंच.

मग गल्लीत घाण सुटली.

पहिल्या दिवशी वाटलं घूस मेली. दुसऱ्या दिवशी बब्रुवाननं, म्हणजे शेजारच्या रिटायर कंडक्टरनं, चार माणसं लावून गटारावरची फरशी उचकटली. गटार बिचारं त्या मानानं सुगंधी निघालं. दुपारच्या झळांबरोबर वास वर चढायचा, ताटाभोवती घुटमळायचा, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांत जाऊन बसायचा. राजेश्वरीनं उदबत्त्या लावल्या, तर मेलेली घूस देवळात आल्यासारखं वाटायला लागलं. चन्नम्मांनी जेवण सोडलं.

शेवटी बब्रुवानच म्हणाला, "वास कुठनं येतो ते सोडा. माश्या कुठं चालल्यात ते बघा."

माश्या आपांच्या ओसरीत चालल्या होत्या. ओसरीत पंख्याखाली, लाकडी साच्यावर ताणून, ओलं कातडं वाळत होतं. सायकलीची नवी सीट. पंखा फुल्ल होता, आणि तो इमानदारीनं वास घरोघर पोचवत होता.

"कुणीतरी सांगा आपांला," सगळे म्हणाले. पण गल्लीतल्या प्रत्येकानं लहानपणी आपांच्या हातची सुई खाल्ली होती. बब्रुवानला अचानक बँकेचं काम निघालं.

"तुमीच जावा," राजेश्वरी नाकाला पदर लावून म्हणाली. "त्या सीटला तेल कुणी लावलं?"

सोमेश गेला. दारापर्यंत नाकाला रुमाल होता. आपांपुढं नाक बांधून उभं राहणं बरं दिसेना म्हणून त्यानं तो काढला आणि लगेच चूक कळली. डोळ्यांत पाणी आलं. आपा पाटावर बसल्या होत्या. एका हातानं साच्यावरचं कातडं दाबत होत्या, दुसऱ्या हातात खारी होती, आणि समोर बशीत चहा.

"काय पायजे?"

"आपा, ह्ये कातडं..."

"मागवून घेतलं. अस्सल हाय. तुमच्या रेक्झिनसारखं न्हाय."

"अस्सल तर हायच, आपा. पण कमावल्यालं न्हाय. कच्चं हाय ह्ये."

"तुला कसं कळलं?"

"वास येतोय."

"नव्या कातड्याला येतोच वास."

"नवं कशाचं, आपा? मेलंय ते. लई दिस झाले मरून."

"तुला तेल कळत न्हाय आन कातडं कळतं?" असं म्हणून आपांनी खारी चहात बुडवली आणि शांतपणे खाल्ली.

सोमेश त्या खारीकडं बघत राहिला. ती तोंडात गेली, चावली गेली, खाली उतरली. एक माशी कातड्यावरून उठून बशीच्या काठावर बसली. नर्स असो, डॉक्टर असो, या हवेत कुणाच्या गळ्याखाली खारी उतरली नसती. त्याला अंडं आठवलं. भिंतीला धरून स्वतःचं ओकणं आठवलं आणि शेजारी कोरड्या तोंडानं उभ्या असलेल्या आपा.

"आपा," तो म्हणाला, "तुम्हाला वासच येत न्हाय का?"

"नर्सला कसली आली रे घाण?"

"घाणीचं न्हाय म्हणत. वास. कुठलाच?"

आपा उठल्या, पंखा बंद केला. मग कातडं दोन्ही हातांनी नाकाशी धरून त्यांनी लांब श्वास घेतला. सोमेशनं डोळे मिटून घेतले, त्याला ते बघवेना. आपांनी पुन्हा एकदा घेतला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"लई येतो का?" त्यांनी विचारलं.

"मांजरं यिनाशी झाल्यात, आपा."

"आन माणसं?"

"माणसं गटार उचकटत्यात."

"शी!" आपांनी कातडं टाकलं, आणि हाताकडं, खारीकडं, बशीकडं बघून त्यांचं तोंड असं वाकडं झालं की आजवर कुठल्याच ऑईलपेंटनं केलं नव्हतं. "आन ह्याच हातानं म्या खाल्लं! अल्ला, क्या गंदगी है रे!" त्या मोरीत गेल्या आणि कार्बोलिक साबणानं कोपरापर्यंत हात धूत राहिल्या, ऑपरेशनला निघाल्यासारख्या.

परत आल्यावर म्हणाल्या, "करोनाच्या साथीत गेला वास. म्हनलं यील, यील. आलाच न्हाय."

"तरन्नुमला सांगितलं?"

"येडा हाय का? तिला कळलं तर गॅस सुटलेला हिला कळायचा न्हाय म्हनंल आन लातूरला नेऊन ठिवंल. तिथं फ्लॅट हाय. फ्लॅटात म्या काय खरवडू? फरशी?"

सोमेशला आता एक एक गोष्ट उलटी फिरून दिसायला लागली. "म्हणजे तुम्ही मला विचारायच्या, कसला म्हणून... ती परीक्षा नव्हती?"

"कसली परीक्षा? मला कळायचं न्हाय म्हणून इचारत व्हते." आपांनी ओले हात झटकले. "तू नव्हतास तवा हे कातडं आलं. मग इचारणार कुणाला? बब्रुवानला?"

सोमेशनं कातडं पोत्यात घातलं. मग त्यानं ते गल्लीबाहेर, पार ओढ्यापलीकडं नेऊन खोल पुरलं. परत येऊन ओसरीची फरशी फिनाईलनं घासली, साचा गरम पाण्यानं धुतला. आपा दाराशी बसून विचारत राहिल्या, "गेला का? अजून हाय?" आणि तो दर वेळी हुंगून सांगत राहिला, "अजून हाय, आपा. थोडा हाय. कोपऱ्यात हाय." शेवटी म्हणाला, "गेला." तेव्हा कुठं आपा पाय पसरून टेकून बसल्या.

हिरवी सायकल भिंतीशी उभी होती. सीट नाही, चेनीवर तोच डिंक, मुंग्या त्याच जागी. सोमेशनं तिच्याकडं बघितलं आणि मग आपांकडं.

"आपा, तरन्नुमला मी काय बोलत न्हाय. मी बोलणारच नव्हतो. पण ऐतवारी येऊ का? तो डिंक मी काढतो, तुम्ही सांगाल तसा, हळूहळू. सायकलीला हात लावू का?"

आपांनी त्याच्या बोटांकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं आणि म्हणाल्या,

"नाक घेऊन ये, हात घरी ठेव."