रेघ न ओढता काढलेला घड

सांगलीला चित्रकलेच्या पदविकेच्या वर्गात माझा हात सगळ्यांत स्वच्छ होता. सर तसं वर्गासमोर म्हणायचे. खोलीवर माझ्यासोबत राहणारा मित्र कवठे महांकाळकडचा. ब्रश धरला की त्याचा हात थरथरायचा. त्याच्या अक्षरांच्या कडा मीच नीट करून द्यायचो. तो म्हणायचा, "गड्या, तुझा हात मला दे की रं." मला ते ऐकायला फार आवडायचं.

पुढं आम्ही दोघंही कुपवाडच्या एका छापखान्यात लागलो. मी लेबलं रंगवायचो, तो पडेल ते काम करायचा. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला. "कोण शिकतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ते टायपिंगवाल्याचं काम." मित्र गुपचूप जाऊन बसला.

कॉम्प्युटरसाठी काचेची खोली केली होती, एसी लावलेली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. उन्हाळ्यात मी पत्र्याखाली घाम पुसत रंगवायचो आणि त्या काचेच्या दाराशी काढलेल्या त्याच्या चपला बघायचो. त्या चपलांचासुद्धा मला राग यायचा.

एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला खोक्यासाठी द्राक्षांचा घड हवा होता. मालकांनी दोघांनाही काढायला सांगितला. मी पोस्टर कलरमध्ये मणी न् मणी रंगवला, पानाच्या शिराही काढल्या. मित्रानं एक गोल काढला, त्याच्या प्रती केल्या, एकावर एक सरकवल्या, फिकट-गडद रंग भरला. झाला घड.

व्यापाऱ्यानं दोन्ही कागद लांब धरून पाहिले. "ह्योच छापा," तो मित्राच्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, "लांबनं बी वळखू येतुया. फकस्त काळी द्राक्षं करा." त्याचा चहा संपेपर्यंत हिरवी द्राक्षं काळी झाली होती. मला तर सगळं पहिल्यापासून रंगवावं लागलं असतं.

"मशीननं काढलंय," मी संध्याकाळी मित्राला म्हणालो. त्यानं निघताना माझाही डबा उचलून घेतला. त्यामुळं मी जास्तच जळलो.

महिन्याभराची सुट्टी घेऊन मी साताऱ्याला घरी गेलो. वडील फौजेतून रिटायर झालेले. सगळं ऐकून म्हणाले, "नवी रायफल आली की आमी जुने नेमबाज बी परत शिकायचो. तुला कसली लाज?" मी तिथल्याच एका कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागलो. मित्राला कळवलं नाही.

परत आलो तेव्हा त्याच व्यापाऱ्याला मोठ्या खोक्यासाठी नवं चित्र हवं होतं. "मी काढतो," मी म्हणालो. माउस हातात धरून, ब्रशनं काढावी तशी घडाची आणि पानाची प्रत्येक कड गिरवली. पडद्यावर घड झकास दिसत होता. पण छपाईची प्लेट जिच्यावरून करतात ती फिल्म काही निघेना. मशीन मध्येच अडकायचं. मालक वैतागले.

शेवटी मित्र आला. त्यानं रंग काढून नुसत्या रेघा दाखवणारा पडदा लावला. माझ्या घडावर मुंग्या लागल्यागत बारीक ठिपके दिसले; एवढ्या ठिपक्यांनीच मशीन अडकत होतं. मग त्यानं त्याचा घड उघडला. मोजकेच ठिपके, आणि त्यांच्यामधून वळणं कशी सहज गेलेली.

"तू रेघ वढतुयास," तो म्हणाला. "रेघ वढायची न्हाई गड्या. वळणाच्या जागी टोकं, म्हंजी हे ठिपके, ठेवायची. मधली रेघ आपसूक येती."

तोवर मला एक आधार होता, की सगळी करामत मशीनची आहे. तो आधार तिथंच गेला. कुठं टोक ठेवायचं आणि कुठं नाही, हे त्याच्या डोळ्याला कळत होतं. मला त्याचा फार हेवा वाटला. त्यानं खुर्ची मला दिली आणि स्वतः उभा राहिला. मी एकेक जादा टोक काढत गेलो. घड काही जमेना. पान मात्र जमलं.

"पान लय भारी आलंय," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा." मनापासून म्हणाला की माझं मन राखायला, ते मी विचारलं नाही.

शेवटी खोक्यावर घड त्याचा गेला आणि पान माझं. पुढं तो पुण्याला गेला आणि काचेच्या खोलीतली खुर्ची मला मिळाली. बाजारात ते खोकं दिसलं की मी हातात घ्यायचो, घडावर अंगठा ठेवायचो आणि नुसतं पान बघायचो.