गळतंय की उतू जातंय?

दौंडला पाटस रस्त्यावर रहीम मिस्त्रींचं गॅरेज होतं. पत्र्याखाली दोन गाड्या मावत. तिसरी आली की शेजारच्या चहावाल्याला बाकडं सरकवावं लागे. मिस्त्री हळू बोलत, आणि बोनेट उघडण्याआधी हात धूत. काम झाल्यावर सगळेच धुतात. हे आधी धूत. मळक्या हाताला ओल कळत नाही, म्हणत.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सोपानरावांची जुनी पांढरी मोटार तिसऱ्यांदा त्यांच्या दारात आली. सोपानराव साखर कारखान्यातून रिटायर झालेले. तक्रार तीच : कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय. मिस्त्रींनी दोनदा पॅकिंग बदललं होतं, नळीच्या क्लिपा आवळल्या होत्या. आता सोपानरावांनी भंगारवाल्याला सोमवारी बोलावलं होतं. पेट्रोलचा वास मारणाऱ्या गाडीत बायकोला बसवायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं.

पण त्याच गाडीतून त्यांच्या पत्नी सिंधूबाई दर गुरुवारी खुटबावला आईकडं जात. नव्वदीच्या म्हातारीला वेणी लेकीच्याच हातची लागे. सिंधूबाईंच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नव्हती. गाडी गेली की गुरुवार गेला.

मिस्त्रींनी हात धुतले, कार्बोरेटर कोरडा पुसला, त्याला खडूची पूड लावली आणि ओल कुठून फुटते ते पाहत बसले. इंजिन बंद. गळकी गाडी चालू ठेवून ते कधी तपासत नसत. ज्या उस्तादाकडं शिकले, त्यांचा हात तसाच भाजला होता. अर्धा तास गेला. पूड कोरडीच.

"तुमच्यापुढं गाडी बी लाजती, मिस्त्री," सोपानराव म्हणाले.

सिंधूबाई मागच्या सीटवर बसून होत्या. त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. (पुढं मिस्त्री मागं बसणाऱ्यालाच आधी विचारू लागले, ते ह्या दिवसापासून.) त्या खिडकीतून म्हणाल्या, "गळत न्हाई ओ ते, रहीमभाऊ. उतू जातं. चालत्या गाडीत वास न्हाई. रेल्वे फाटकाला इंजन चालू ठिवून थांबलो की सुटतो. ह्यांनी एकदा बोनेट उघडलं तवा मी बघितलं, दुधाच्या पातेल्यावानी वरची कड वली."

मिस्त्री उठून उभे राहिले. गळणारं खालून जातं, उतू जाणारं वरून. 'गळतंय' ह्या एका शब्दामागं लागून ते दोन्ही खेपेस खालचे सांधे धुंडाळत बसले होते.

त्यांनी कार्बोरेटरचं झाकण काढलं आणि आतला फ्लोट बाहेर घेतला. पितळेचा, पोकळ. पेट्रोल पुरेसं भरलं की तरंगत वर यायचं आणि येणारी वाट बंद करायची, एवढंच त्याचं काम. कानाशी हलवला, तर आत नारळासारखं डुचमळलं. टपरीवरून उकळतं पाणी मागवून, गाडीपासून लांब बसून, त्यांनी तो पाण्यात धरला. शिवणीतून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. भोक टाचणीच्या टोकाएवढं. त्यातून आत पेट्रोल शिरून फ्लोट जड झाला होता. वर येतच नव्हता. वाट उघडीच राही; चालत्या गाडीत जादा पेट्रोल इंजिन पिऊन टाकी, उभ्या गाडीत ते वरून उतू जाई, आणि इंजिन बंद केलं की पेट्रोल पाठवणारा पंपच थांबे.

आतला थेंब न् थेंब उडून गेल्यावर त्यांनी भोकावर कथलाचा डाग दिला, जेमतेम. जास्त लावला तर फ्लोट पुन्हा जड.

मग वाळूची बादली शेजारी ठेवून मिस्त्रींनी पहिल्यांदाच गाडी जागेवर चालू ठेवली. पंधरा मिनिटं. सोपानरावांनी स्वतः वरच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला नुसता खडू लागला.

"आता भंगारवाल्याला काय सांगू?" ते म्हणाले.

"सांगा," सिंधूबाई म्हणाल्या, "गाडीला दर गुरुवारी काम असतं."

मिस्त्री हात धुवायला गेले.