कांताबाईचं तीन पायांचं स्टूल

स्टूल चौथ्यांदा डुगडुगलं आणि कांताबाईने करवत खाली ठेवली. सुतारकामाची परीक्षा पाच दिवसांवर आली होती.

"ताई, एक पाय कापला का दुसरा लांब होते. दुसरा कापला का तिसरा. असंच कापत राह्यली त याचा पाट होईन."

बाकीच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही, कारण तिला या कामाला लावणारी मीच होते.

मी आर्णीकडे बायकांच्या संघटनेचं पूर्णवेळ काम करते. एका योजनेतून सुतारकामाचं ट्रेनिंग आलं तेव्हा यादीत एकही बाई नव्हती. काय तर म्हणे, बायकांना जमत नाही. ज्या बायका पाठीवर कापसाची गाठोडी वाहतात, त्यांना म्हणे करवत जड होईल! आम्ही पत्रकं काढली, ट्रेनिंग देणाऱ्या एजन्सीच्या दारात बसलो आणि बारा जागा मिळवल्या. पत्रक मीच लिहिलं होतं. मथळा होता, 'बाईच्या हाती मशीन द्या'.

कांताबाई पंचेचाळिशीची. दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची. ऐन निंदणात ट्रेनिंगला आली, म्हणून मजूर बायांच्या टोळीतली तिची जागा दुसरीला गेली. परीक्षेत पास झाली तर हत्यारांची पेटी मिळणार होती. नापास झाली तर पेटीही नाही आणि टोळीही नाही.

आणि मशीन तिला जमेना. राऊटर म्हणजे गरगर फिरणाऱ्या पात्याचं मशीन, लाकडात खाच पाडतं. तिच्या हातात ते भलतीकडेच पळायचं. मी तिला धीर द्यायला गेले.

"कांताबाई, भ्यायचं नाही. मशीन पुरुषांच्या बापाचं आहे का?"

"भेवाची गोष्ट नाई ताई. हे काई सांगतच नाई. वाकस सांगते. लाकडाची नस उलटी असली का हाताले कळते. हे निसतं बोंबलते."

वाकस म्हणजे आडव्या पात्याचं, हाताने तासायचं हत्यार. कुदळीची धाकटी बहीण समजा. त्यावर तिचा हात पहिल्या आठवड्यातच बसला होता. पण माझ्या पत्रकात वाकस नव्हतं. तेव्हा मी तिला पुन्हा राऊटरवरच बसवलं. बायकांना मागे ठेवणाऱ्यांवर मी तासभर बोलू शकते. त्या दिवसांत मी स्वतः काय करत होते, त्यावर बोलायला मला दोन वाक्यंही जड जातात.

शिकवायला गजाननभाऊ होते. पस्तीस वर्षं फर्निचरच्या दुकानात सोफे केलेला माणूस. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की वर्गातल्या सगळ्या पटाश्या अचानक लोण्यासारख्या चालायला लागल्या आहेत. नव्या पटाशीला धार नसते, ती आपण लावायची असते. आमच्यातल्या अर्ध्या जणी बोथट पटाशीनेच लाकडाशी कुस्ती खेळत होत्या. कांताबाईने घरून दगड आणला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या पटाश्या घासून काढल्या.

"हे कुठं शिकली वं?" गजाननभाऊंनी विचारलं.

"विळ्यावर."

"माया दुकानात अशी धार लावणारा एकच होता."

"मंग? आता कुठं हाये?"

"मेला."

"माया धारेनं नाई मेला ना?" ती म्हणाली आणि पुढची पटाशी उचलली.

मग तिने कुऱ्हाडीला दांडा करून पाहिला, वर्गात उरलेल्या सागवानाचा. आमच्या जिल्ह्यात सागवान म्हटलं की माणूस डोळे मिटून हो म्हणतो. दांडा दिसायला देखणा झाला आणि दुसऱ्या घावाला मोडला. सागवान दार-चौकटीचं लाकूड, झटका सोसत नाही. दांड्याला धावडा लागतो. तो लवतो, तुटत नाही. हे तिला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती घरामागच्या मोडक्या बैलबंडीचा धावड्याचा तुकडा डोक्यावर घेऊन आली. त्यातून तासलेला दांडा कुऱ्हाडीच्या छिद्रात ठोकला, पाचर मारली. गजाननभाऊंनी तो दोन्ही हातांनी ओढला, पायाने दाबला. हलला नाही.

पण परीक्षेत दांडा नव्हता, चार पायांचं स्टूल होतं. त्याचा सांधा म्हणजे चौकोनी खाच आणि तिच्यात बसणारी चौकोनी जीभ. तिच्या खाचा सैल व्हायच्या. परीक्षेला पाच दिवस उरले असताना, करवत खाली ठेवल्यावर, तिने ते डुगडुगणारं स्टूल समोर ओढलं. मग मला म्हणाली,

"ताई, चुलीले गोटे किती असते?"

"तीन."

"गुंड कधी डुगडुगला काय?"

गुंड म्हणजे चुलीवर ठेवायचा पाण्याचा हंडा; त्याचा स्टुलाशी काय संबंध, मला कळलं नाही. गजाननभाऊंना कळलं. त्यांनी फळीचा जाड तुकडा आणि छिद्र पाडायचं गिरमिट तिच्यापुढे ठेवलं. तिने फळीत तीन गोल छिद्रं पाडली, धावड्याचे तीन पाय वाकसाने गोल तासले, ठोकले आणि वरून पाचरा मारल्या. कुऱ्हाडीचाच सांधा होता, फक्त तीनदा.

परीक्षेला साहेब बाहेरून आले. ओळीने बारा स्टुलं. आमची फरशी खालीवर होती. साहेब हात लावत गेले, एकेक स्टूल टकटक करत गेलं. कांताबाईच्या स्टुलापाशी ते थांबले.

"ड्रॉइंगमध्ये चार पाय आहेत."

माझं डोकं फिरलं. "साहेब, ड्रॉइंग काढणाऱ्याने कधी..."

"ताई, तू चूप राय जराशी," कांताबाई म्हणाली. "साहेब, बसा."

"नको, तपासतो ना."

"बसा हो. स्टूल बसाचंच असते. पाह्याचं असतं त फोटो काढला असता."

साहेब बसले. पुढे झुकले, मागे झुकले. उठून स्टूल फरशीच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात नेलं आणि पुन्हा बसले. टकटक नाही. मग ते उलटं करून त्यांनी पाय ओढून पाहिले.

"मशीन वापरलं?"

"नाई."

"राऊटरचे मार्क मला देता येणार नाहीत."

"नका देऊ. मी कुठं वापरलं?"

त्यांनी फॉर्म पुन्हा वाचला. सांध्याचे पूर्ण मार्क दिले, मापाचे अर्धे, मशीनचे शून्य. शेऱ्यात लिहिलं, 'ड्रॉइंगप्रमाणे नाही. मजबूत.' कांताबाई काठावर पास झाली.

पेटी मिळाली तशी तिने तिथेच उघडली. करवत, वाकस, गिरमिट, पटाशी काढून पदरात घेतली. मशीनं गजाननभाऊंकडे सरकवली. "ज्याच्याशी हे बोलते, त्याले द्या." आता आठवडी बाजारात तिचे दांडे आणि तिपाया विकल्या जातात. गिऱ्हाइकाचा पंजा पाहिल्याशिवाय ती दांड्याला हात लावत नाही.

नवशिक्याला सगळी हत्यारं पहिल्याच दिवशी देता येतात. त्यातली आपली कोणती, हे त्याला कळेपर्यंत मात्र थांबावं लागतं. योजनेच्या फॉर्मात त्या थांबण्यासाठी रकाना नाही. आमच्या पत्रकातही नव्हता.