शिट्टीचा नमुना धडा

तिला सगळे शिट्टी म्हणत. उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेनला खालून इशारे द्यायचं तिचं काम आणि गळ्यात कायम शिट्टी. नाव आपोआपच पडलं. सळयांचा भारा कुठे उतरवायचा, कुठे अडवायचा, हे ती हातांनी सांगायची आणि वर काचेच्या केबिनमध्ये बसलेले क्रेनवाले काका तिच्यावर नजर रोखून तसं करायचे.

अलीकडे तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. कामाच्या जागी जीव कसा सांभाळायचा, हे शिकवणारी अधिकृत सुरक्षा प्रशिक्षक व्हायचं. लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता परीक्षकांसमोर एक नमुना धडा घ्यायचा होता. तो जमला तर प्रशिक्षकाचं कार्ड, नाहीतर पुन्हा वर्षभर वाट बघत बसायचं.

"क्रेन हलवणं सोपं गं पोरी," काका म्हणाले. "माणसं हलवणं अवघड. क्रेन उलटून बोलत नाही."

"ती कसर तुम्ही भरून काढता की!" ती हसून म्हणाली खरी, पण बोलणं मनाला लागलं.

मग घरी तालीम सुरू झाली. सासूबाई क्रेन झाल्या. स्वयंपाकघरात हात वर धरून, हाताला भाजीची पिशवी लटकवून उभ्या राहिल्या. सून इशारा करी तशी पिशवी वर-खाली होई.

"अगं, आवर लवकर," त्या म्हणाल्या. "माझ्या वयाच्या क्रेन भंगारात काढतात!"

"आई, क्रेन बोलत नसते."

"मग सासूला कशाला उभं केलंस? कपाट करायचं होतंस क्रेन!"

धड्याचा दिवस उजाडला. भीती होती, पण त्याहून जास्त उत्साह. प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये मधोमध लोखंडी चौकट होती, तिला कप्पी आणि कप्पीच्या दोरावर वाळूची पिशवी. खाली जाड गादी. बाकीचे उमेदवारच तिचे विद्यार्थी. दोर एका इलेक्ट्रिशियनच्या हातात दिलेला. परीक्षक भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर हेल्मेट, चेहरा इस्त्री केल्यासारखा.

तिनं सुरुवात झकास केली. आवाज खणखणीत लागला, हात मोकळे झाले. पिशवी डुलत वर चढू लागली. कप्पीच्या जवळ पोचल्यावर ती ओरडली, "बस!"

आणि इलेक्ट्रिशियन खाली बसला.

दोरासकट बसला. पिशवी सरकन वर गेली, कप्पीवर धाडकन आपटली. त्या हिसक्यानं दोर हातातून सुटला आणि पिशवी गादीवर येऊन पडली. वाळूचा फवारा उडाला.

"अहो, बसलात काय?" तिच्या तोंडून निसटलं.

"तुम्हीच म्हणालात, बस!" तो बिचारा जमिनीवरूनच बोलला. "एवढ्या जोरात म्हणालात की मला वाटलं शाळेतच आहे."

सगळे खो खो हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "पुढे?"

तिचे कान तापले. गेलं कार्ड, असं वाटलं. पण त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला आणि ती जवळजवळ उडालीच.

"थांबवायचं असेल तर तुमच्याकडे काय ओरडतात?" तिनं वर्गालाच विचारलं.

"पुरे!" कोणी म्हणालं. "होल्ड!" दुसरा म्हणाला. उमेदवारांतल्या एक वेल्डरबाई म्हणाल्या, "आमच्याकडे 'राहू दे' म्हणतात. मागे एकानं हातातला पाइप तिथेच सोडून दिला. 'राहू दे' म्हणालात ना, म्हणाला."

आता हसता हसता सगळे बोलू लागले. जो तो आपल्या कामावरचा घोटाळा सांगू लागला. तिनं सगळ्यांना बोलू दिलं, मग दोन्ही हात आडवे पसरून तळवे खाली केले.

"माझी चूक तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. म्हणून आधी हा हात, शब्द नंतर. शब्द एकच, 'थांब'. आणि धोका दिसला तर हा इशारा कोणीही करायचा. साहेबानं, झाडूवाल्यानं, कोणीही. दोरवाल्यानं विचारत बसायचं नाही."

पुन्हा पिशवी चढू लागली. इतक्यात परीक्षक उठले आणि सरळ पिशवीखालीच चालत आले. शिट्टीची पाठ तिकडे होती. तिनं पाहिलंच नाही. पण वेल्डरबाईंचे दोन्ही हात झटक्यात पसरले, इलेक्ट्रिशियननं दोर घट्ट आवळला आणि पिशवी हवेत जिथल्या तिथे थबकली.

परीक्षकांनी मान वर करून पिशवीकडे पाहिलं. मग पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याची इस्त्री मोडली.

"तुम्ही पाहत नव्हता, तरी यांना जमलं," ते म्हणाले. "मला एवढंच बघायचं होतं. या, कार्डावर सही करतो. पुढच्या आठवड्यापासून वर्ग घ्या."

ती धावतच बाहेर आली, पायऱ्यांवर उभी राहून फोन लावला. सासूबाईंना नीट सांगताच येईना, निम्मं हसूच फुटत होतं. मग काकांना लावला.

"काका, झालं! पहिला वर्ग आपल्याच साइटवर. तुम्ही पहिल्या रांगेत."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मग आता तुला अहो-जाहो करायचं की काय?"

"वर्गात करा. बाहेर सूट आहे."

"बरं बाई," काका म्हणाले, आणि तिला फोनमधूनही कळलं की म्हातारा खूश झाला होता. "पण प्रश्न मी विचारणार हं. भरपूर!"

"विचारा हो!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रस्त्यावरचे दोघंतिघं वळून बघू लागले.